पंचेचाळीस दिवसांचे मौन

कारधाच्या लहान पुलापाशी वैनगंगेची पातळी मोजली जाते. धोक्याची पातळी 245.50 मीटर. पावसाळ्यात हा आकडा गावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. पाणी तिथवर आले की कोणी काय करायचे हे ठरलेले आहे: पुलावरची ये-जा थांबवायची, काठच्या वस्तीला सावध करायचे, भंडाऱ्याला कळवायचे. आकडा लिहिलेला आहे आणि त्याच्यापुढे माणसाचे कामही लिहिलेले आहे, म्हणून त्या आकड्याचा आम्हाला आधार वाटतो.

शस्त्र अधिनियम, 1959 मध्येही एक आकडा आहे. पंचेचाळीस दिवस. परवान्याची बंदूक एका नागरिकाला दुसऱ्या नागरिकास विकायची असेल, तर आधी लेखी कळवून इतके दिवस थांबायचे. या आकड्यापुढे मात्र कोणाचेही काम लिहिलेले नाही. हा लेख त्या रिकाम्या जागेबद्दल आहे, आणि ती जागा सोडून भलतीकडेच बोट दाखवणाऱ्यांना उत्तर म्हणून आहे.

त्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो. परवान्याच्या शस्त्रावरून राज्यात काही घडले की एक मागणी हमखास पुढे येते: बंदुकीची खाजगी विक्री बंदच करा. कायद्याने दुकानदाराला परवाना लागतो, त्याला नोंदवह्या ठेवाव्या लागतात, त्याच्याकडे तपासणी होते. मग साध्या नागरिकाने, कसलाही विक्री परवाना नसताना, बंदूक विकावीच का? ही पळवाट आहे. ती बुजवा, सगळे व्यवहार परवानाधारक दुकानातूनच होऊ द्या. हे म्हणणाऱ्यांत माझे काही जिवलग आहेत, वकिली करणारे आहेत, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. बंदूक ही सायकलसारखी विकायची वस्तू नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण रोग एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असे त्यांच्या मागणीचे झाले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही मागणी आपल्या कायद्याच्या वाचनातून आलेली नाही, ती अमेरिकेच्या वादातून आली आहे. तिथे 1968 च्या कायद्याने शस्त्रांचा ‘धंदा’ करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. 1993 च्या ब्रॅडी कायद्याने ग्राहकाची पार्श्वभूमी तपासण्याचे बंधन घातले, ते या परवानाधारक विक्रेत्यांवर. जो धंदा करत नाही, अधूनमधून आपल्याकडची बंदूक विकतो, त्याच्यावर केंद्रीय कायद्याने ते बंधन नाही. मग धंदा म्हणजे किती विक्री, कशासाठी विक्री, यावर तिथे अनेक दशके भांडण चालू आहे. 2022 च्या कायद्याने ती व्याख्या थोडी रुंदावली, तरी वाद मिटला नाही. तिथे खाजगी विक्रीला पळवाट म्हणतात ते योग्यच आहे, कारण बऱ्याच राज्यांत त्या व्यवहारात घेणारा कोण हे कोणीच पाहत नाही.

आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे घेणाऱ्याला आधी परवाना मिळवावा लागतो. कलम 3 नुसार परवान्याशिवाय बंदूक विकत घेणे, जवळ बाळगणे, नेणे हाच गुन्हा आहे. पोलीस चौकशी, जिल्हादंडाधिकाऱ्यांचा किंवा आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांचा निर्णय, परवान्यावर शस्त्राची नोंद, आणि आता राष्ट्रीय माहितीसाठ्यातला ओळख क्रमांक, एवढे सगळे पार पाडलेला माणूसच घेणारा असू शकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन ठेवता येत. म्हणजे घेणाऱ्याची तपासणी व्यवहाराच्या आधीच झालेली असते, मग देणारा दुकानदार असो की शेजारी. अमेरिकेतले कुलूप आणून आपल्या दाराला लावायला निघालेल्यांनी आपल्या दाराची चौकट एकदा पाहावी.

आता आपले कलम काय सांगते ते पाहू. कलम 5 च्या पहिल्या पोटकलमाने शस्त्रे तयार करणे, विकणे, दुरुस्त करणे यांसाठी परवाना सक्तीचा केला. दुसऱ्या पोटकलमाने नागरिकाला मुभा दिली: स्वतःच्या खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र, ते बाळगण्यास पात्र असलेल्या दुसऱ्या माणसास विकता येईल, त्यासाठी विक्री परवाना लागणार नाही. या मुभेला परंतुक जोडले. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवायचा, आणि कळवल्यापासून किमान पंचेचाळीस दिवस जाऊ द्यायचे.

हे परंतुक दोनदा वाचा. त्यात ‘कळवणे’ आहे, ‘परवानगी मागणे’ नाही. त्यात मुदत आहे, पण ती नागरिकाने थांबण्याची. कार्यालयाने त्या पंचेचाळीस दिवसांत काय करायचे याबद्दल एक शब्दही नाही. चौकशी करायची का? कोणी? हरकत असेल तर ती कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीने कळवायची? हरकत नसेल तर तसे लिहून द्यायचे का? कलम गप्प आहे. त्या गप्पपणात प्रत्येक कार्यालयाने आपापली रीत बसवली. कुठे ‘विक्री परवानगी’ मागतात, कुठे ‘ना हरकत’ मागतात, कुठे साध्या अर्जाची पोच पुरते. एकाच कायद्याखाली तीन रीती नांदतात, आणि नागरिक ज्या टेबलासमोर उभा असेल त्या टेबलाची रीत त्याच्यासाठी कायदा होते.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. आज्याने पीक संरक्षणासाठी परवाना काढला होता, पुढे तो बाबांच्या नावावर झाला. वैनगंगेच्या काठची धानाची बांधी रानडुकरांनी एका रात्रीत नांगरल्यासारखी करून ठेवलेली मी लहानपणी पाहिली आहे, आणि धुऱ्यावर उभे राहून बाबांनी केलेला एक बारही आठवतो. तो हवेत होता, त्याने डुकरे पळाली एवढेच. बाबा गेले तेव्हा बंदूक आम्ही जमा केली आणि पावती घेतली. मला ती ठेवायची नव्हती. नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याकडे परवाना होता, शस्त्र नव्हते. त्याला द्यायचे ठरले. मी कलमात सांगितल्याप्रमाणे लेखी कळवले, आवक क्रमांक घेतला आणि पंचेचाळीस दिवस थांबलो.

उत्तर आले नाही. सेहेचाळिसाव्या दिवशी कार्यालयात गेलो. एका टेबलावर सांगितले, मुदत संपली, आता कागदाची गरज नाही. दुसऱ्या टेबलावर सांगितले, परवानगी आल्याशिवाय हात लावू नका. दोघांपैकी कोणीही ते लिहून द्यायला तयार नव्हते. घेणारा म्हणाला, “दादा, कागद आणा, मग घेतो. उद्या माझ्या घरी कोणी आले तर मी काय दाखवू?” त्याचे चुकले नाही. तो व्यवहार झाला नाही. जमा पावती अजून पेटीत आहे.

आता या गोष्टीला त्यांच्या उपायाची फूटपट्टी लावा. माझी बंदूक दुकानातून गेली असती तर काय बदलले असते? घेणारा तोच, त्याचा परवाना तोच, त्याची चौकशी आधीच झालेली. बदलले असते ते एवढेच की मध्ये एक माणूस आला असता, त्याने आपला मोबदला घेतला असता, आणि कार्यालयाचे मौन त्याच्या नोंदवहीआड लपले असते. शिवाय पीक संरक्षणाच्या जुन्या भरमार बंदुकीला बाजारात किंमत ती काय? दुकानदाराने ती ठेवून घेण्याला काही कारण नाही. सक्ती केली तर अशी बंदूक दुकानात जाणार नाही. ती माळ्यावर जाईल, गंजेल, आणि एक दिवस कोणाच्या तरी हाती लागेल.

दुकान म्हणजे सुरक्षितता, हे गृहीतकही तपासावे लागेल. 2017 मध्ये राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने जम्मू-काश्मीरमधले शस्त्रपरवान्यांचे प्रकरण उजेडात आणले. पुढे सीबीआयने तपास हाती घेतला आणि 2012 ते 2016 या काळात अपात्र लोकांना 2.78 लाखांहून अधिक परवाने दिले गेल्याचा ठपका ठेवला. या प्रकरणात कोणावर संशय आला? मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यांवर आणि परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांवर. ज्या दोन ठिकाणांवर खाजगी विक्रीचे टीकाकार सगळा भरवसा टाकायला सांगतात, नेमकी तीच ही दोन ठिकाणे. त्याचे धागे आपल्या राज्यापर्यंत येत नाहीत असे समजू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात सुरक्षारक्षक म्हणून काम करणाऱ्या जम्मू-काश्मीरच्या नऊ जणांना बनावट परवाने आणि बारा बोअरच्या बंदुकांसह अटक झाली. इथे शेजाऱ्याने शेजाऱ्याला बंदूक विकली नव्हती. परवानाच खोटा होता. दाराशी बसवलेला राखणदार फितूर असेल तर दारे कमी करून काय साधणार?

सगळे दुकानदार बेईमान आहेत असे मी म्हणत नाही. बहुतेक जण नोंदवह्या चोख ठेवतात, आणि निवडणुकीच्या काळात किंवा घरात मृत्यू झाल्यावर शस्त्र सांभाळायला त्यांचाच आधार असतो. पण 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्यांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे. त्यामुळे जुने विलायती पिस्तूल आज लाखांत जाते. नवा माल बाहेरून येत नाही, जुनाच माल हातोहात फिरतो. अशा बंदिस्त बाजारात प्रत्येक व्यवहार दुकानातूनच व्हावा अशी सक्ती करणे म्हणजे मूठभरांच्या हाती किल्ली देणे. किल्ली जितकी महाग, तितका खोटा कागद करण्याचा मोह मोठा.

दुसरा मुद्दा असा मांडला जातो की अलीकडच्या घटनाच बघा, परवान्याचे शस्त्र किती सहज दुसऱ्याच्या हाती जाते. घटना खऱ्या आहेत, त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. 8 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घालून हत्या झाली. पोलीस तपासात पुढे आले की पिस्तूल मारेकऱ्याच्या नावावर नव्हते, त्याच्या खाजगी अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-1 वाघीण मारली गेली. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने ज्या त्रुटी दाखवल्या त्यांत शस्त्र अधिनियमाचे उल्लंघनही होते. दोन्ही ठिकाणी बंदूक विकली गेली नव्हती. एकाच्या नावावरचे शस्त्र दुसऱ्याच्या हाती असण्याचा तो प्रश्न होता. खाजगी विक्री उद्या पूर्ण बंद केली तरी अशी एकही गोळी अडणार नाही. कलम 3 मधल्या मुभेनुसार, परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी दुसऱ्याला शस्त्र नेता येते. या मुभेचा गैरवापर कसा होतो, खाजगी अंगरक्षकांच्या परवान्यांवर कोणाची नजर आहे, हे विचारायला हवे. ते न विचारता विक्रीवर तुटून पडणे म्हणजे म्हशीला दुखणे आणि पखालीला इंजेक्शन.

बीडचे उदाहरण तर वेगळीच गोष्ट शिकवते. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या बाराशेहून अधिक शस्त्रपरवान्यांचा विषय पुढे आला, फेरतपासणी झाली, अनेक परवाने रद्द झाले. फार चांगले झाले. पण परवाना रद्द होतो, बंदूक रद्द होत नाही. कलम 21 नुसार ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, आणि मूळ धारकाला ती पात्र माणसास विकण्याचा हक्कही असतो. म्हणजे शासन परवाने रद्द करते तेव्हा खाजगी विक्रीची गरज शासनच निर्माण करते. 2019 च्या दुरुस्तीने तिसरी बंदूक एका वर्षाच्या आत सोडायला सांगितले, तेव्हाही हेच घडले. एका हाताने लोकांना विकायला लावायचे आणि दुसऱ्या हाताने विकण्याची वाट धूसर ठेवायची, हे चालणार नाही.

कलम 21 मध्येच आणखी एक घड्याळ दडलेले आहे. जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत परत नेले नाही किंवा विकले नाही, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होते. आता दोन्ही घड्याळे शेजारी ठेवा. सूचना देऊन बसलेल्या नागरिकाला कार्यालय उत्तर देत नाही, त्या घड्याळाला काटेच नाहीत. जमा शस्त्र सरकारजमा होण्याचे घड्याळ मात्र चालू राहते. उत्तर न देणारी बाजू आणि उशिराचा फायदा होणारी बाजू एकच आहे.

वारसांची अडचण याहून जड आहे. परवानाधारक मेला की त्याच क्षणी घरातली बंदूक विनापरवाना होते. कायदा म्हणतो ती ‘अनावश्यक विलंब न लावता’ जमा करा. अनावश्यक म्हणजे किती दिवस? दहावा होईपर्यंत? तेराव्यापर्यंत? कायदा सांगत नाही. शस्त्र नियम, 2016 मध्ये वारसांसाठी चांगली सोय आहे. धारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना मागता येतो. धारक हयात असतानाही, त्याने सत्तरी गाठल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, त्याने नेमलेल्या वारसाला मागता येतो. पण ही सोय किती घरांना ठाऊक असते? घरात पुरुष गेलेला, बाईला बंदूक कुठे ठेवली आहे तेही माहीत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे.

शिक्षांचा ताळेबंद मांडला की कायद्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते कळते. नवरा गेलेल्या बाईच्या घरात जुनी बंदूक राहून गेली तर किमान दोन वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार. गावातल्या लोहाराने शेतकऱ्याच्या परवान्याच्या भरमारीचा घोडा नीट करून दिला, तर तो कलम 5 खालची विनापरवाना दुरुस्ती ठरतो, आणि 2019 पासून कलम 25 च्या पहिल्या पोटकलमात त्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप आहे. बेकायदा कारखान्याला जी शिक्षा, तीच लोहाराच्या भात्याला. आणि परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला कोणालाही न कळवता बंदूक विकली, किंवा पंचेचाळीस दिवस न थांबता विकली, तर कलम 25 च्या तिसऱ्या पोटकलमात जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपये! लाखांच्या पिस्तुलाच्या व्यवहारात हा दंड कोणाला अडवील? जो व्यवहार शासनाच्या नजरेतून सुटू नये तिथे कायदा इतका नरम, आणि ज्यांना समजावून सांगायला हवे त्यांच्याशी इतका कठोर. खाजगी विक्रीच्या टीकाकारांना खरोखर काळजी असेल तर त्यांनी हे पोटकलम हातात घ्यावे.

तिसरे म्हणणे कधी कधी उलट बाजूने येते. गुन्ह्यांत परवान्याच्या बंदुका असतात किती? सातपुड्यातल्या उमर्टीकडून येणारे कट्टे पकडा, परवान्यांच्या बारीकसारीक कलमांत वेळ कशाला घालवता? गुन्ह्यांत सापडणारी बहुतेक शस्त्रे विनापरवाना असतात हे खरे आहे. पण कायदेशीर वाट जितकी धूसर, तितकी बेकायदेशीर वाट सोपी वाटू लागते. कागदपत्रांत अडकलेला माणूस दोनपैकी एक करतो. तो बंदूक तशीच टाकून देतो, नाहीतर कागद न करता देऊन टाकतो. दुसऱ्या प्रकारात परवान्याचे शस्त्र नोंदीतून नाहीसे होते आणि विनापरवाना शस्त्रांच्या ढिगात जाऊन पडते. गडचिरोलीत पोलिसांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन गावकऱ्यांनी आपापल्या भरमार बंदुका स्वतःहून आणून दिल्या आहेत. कागदाचा मार्ग सरळ आणि निर्भय असला की लोक शस्त्र स्वतः आणून देतात, हे विदर्भाने पाहिलेले आहे.

आणि बंदुकीचा मार्ग बंद झाला म्हणून शेतकऱ्याचा प्रश्न संपत नाही. रानडुक्कर आणि रोही कायदा वाचून बांधीत शिरत नाहीत. मग कुंपणाला चोरून वीज जोडली जाते. एप्रिल 2017 मध्ये नागभीड भागात ‘जय’ वाघाचा बछडा समजला जाणारा श्रीनिवास वाघ अशाच विजेच्या तारेने मेला. तशा तारांनी माणसेही मेली आहेत. कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, कारण कायदा करणाऱ्यांना शेत ठाऊक होते. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्या बंदुकीने वन्यप्राणी मारू नये, हे योग्यच. पण ती बंदूक एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट इतकी अवघड करू नका की तो तारेकडे वळेल.

‘निकामी’ शस्त्रांबद्दलही दोन ओळी. कलम 45 म्हणते की जुन्या नमुन्याचे, पुरातन मोलाचे किंवा दुरुस्तीनेही चालू न होणारे शस्त्र या कायद्याखाली येत नाही. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या गंजक्या नळ्यांना हे लागू व्हावे. पण ती दुरुस्तीनेही चालणार नाही हे ठरवणार कोण, याचे उत्तर त्या कलमात नाही. म्हणून लोक घाबरून ती लपवतात, आणि लपवलेली वस्तू संशयाची होते.

आता सर्वांत जोरकस आक्षेप घेतो. निवृत्त पोलीस अधिकारी असलेला माझा मित्र म्हणतो, “कार्यालयाला उत्तर देण्याची सक्ती केलीस तर उत्तर न गेलेल्या प्रकरणांत विक्री आपोआप मंजूर होईल. बंदुकीच्या बाबतीत मौन म्हणजे संमती, हे धोक्याचे आहे.” भाऊ, आजही मौन म्हणजे संमतीच आहे. कलम असे म्हणते की पंचेचाळीस दिवस गेले की विकता येते. फक्त त्या संमतीखाली कोणाची सही नाही. उद्या त्या बंदुकीने काही घडले तर ‘आम्ही परवानगी दिलीच नव्हती’ असे म्हणायला कार्यालय मोकळे, आणि ‘मी कळवले होते’ असे सांगत नागरिक कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. त्या संमतीला मालक असावा, एवढीच माझी मागणी आहे.

मनुष्यबळ नाही, हे उत्तरही मला पटत नाही. नव्या परवान्याच्या अर्जावर पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यावा असे 2016 चे नियम सांगतात. कलम 14 नुसार परवाना नाकारायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम 18 खाली त्यावर अपील करता येते. म्हणजे जिथे चौकशी शून्यापासून करायची तिथे मुदत आहे, कारण आहे, अपील आहे. जिथे घेणाऱ्याची चौकशी आधीच झालेली आहे, फक्त त्याचा परवाना चालू आहे का, त्याच्याकडे दोनपेक्षा कमी बंदुका आहेत का आणि मधल्या काळात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला का एवढेच पाहायचे, तिथे काहीच नाही. आदेशच निघत नाही, मग नागरिकाने अपील करायचे तरी कशावर?

म्हणून माझे म्हणणे मुद्द्यावर आणतो. खाजगी विक्री बंद करू नका. तिची सूचना आली की त्याच दिवशी क्रमांकासह पोच द्या आणि घेणाऱ्याचा परवाना राष्ट्रीय माहितीसाठ्यात तपासा. पंचेचाळीस दिवसांच्या आत ‘हरकत नाही’ किंवा ‘हरकत आहे, कारण हे’ असे एका ओळखता येणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीने लिहून द्या. हरकतीवर अपील ठेवा. उत्तर प्रलंबित असेपर्यंत कलम 21 चे सरकारजमा होण्याचे घड्याळ थांबवा. वारसांसाठी ‘अनावश्यक विलंब’ याऐवजी दिवसांचा आकडा लिहा, आणि मृत्यूची नोंद करतानाच घरच्यांना तो सांगा. न कळवता विकणाऱ्याचा पाचशे रुपयांचा दंड शस्त्राच्या किमतीला शोभेल इतका करा, आणि पीक संरक्षणाच्या बंदुकीच्या किरकोळ दुरुस्तीला बेकायदा कारखान्याच्या पंगतीतून उठवा. रद्द झालेल्या प्रत्येक परवान्याचे शस्त्र शेवटी कुठे गेले, याची नोंद बंद होईपर्यंत फाइल बंद करू नका. महाराष्ट्राने 2015 मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला. सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क आहे हे तत्त्व या राज्याने स्वीकारलेले आहे. तेच तत्त्व इथे लावायचे आहे. यातले काही कलमांत दुरुस्ती करूनच होईल, त्यासाठी संसदेकडे जावे लागेल. पण पोच आणि लेखी उत्तर एवढे तर जिल्ह्याच्या ठिकाणी उद्या सकाळपासून सुरू करता येईल.

खाजगी विक्रीच्या टीकाकारांना मी शत्रू मानत नाही. बंदुकीचा प्रत्येक प्रवास शासनाला दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह माझाही आहे. पण दिसण्यासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात. वाट बुजवल्याने दिसत नाही, नुसता अंधार वाढतो.

पुराच्या दिवसांत कारधाच्या पुलावर पातळी बघायला जो कर्मचारी उभा असतो त्याला पाणी थांबवता येत नाही. तो आकडा वाचतो, वेळ लिहितो आणि पुढे कळवतो. त्या एका नोंदीवर काठची वस्ती रात्री झोपायचे की सामान उचलायचे हे ठरवते. माझ्या पेटीतल्या पावतीसाठी मी यापेक्षा जास्त काही मागत नाही. हो म्हणा, नाही म्हणा, पण तारीख घालून, सही करून म्हणा.